पाण्यात पाहणारी माणसं

खाऱ्या पाण्याची टाकी ज्या घरात आहे, त्या घरात माणसानं आजारी पडू नये. पडलाच, तर "टायलेनॉल डावीकडच्या खणात आहे" एवढंच ऐकायला मिळतं. टाकीतल्या एखाद्या कोरलनं मात्र सकाळी तोंड उघडलं नाही, की घरातला कर्ता पुरुष ऑफिसला येत नसल्याचं कळवतो, टॉर्च दातांत धरतो आणि काचेला नाक लावून गुडघ्यांवर बसतो. त्याला चहा विचारायचा नसतो. "काय झालं रे?" असं तर मुळीच विचारायचं नसतं, कारण मग तो सांगतो.

हे घर माझ्या भाच्याचं, न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं. भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधतो आणि संध्याकाळी पाण्यातल्या. दिवाणखान्यात सव्वाशे गॅलनची, म्हणजे पावणेपाचशे लिटरची टाकी आहे. तिच्या खालच्या कपाटात आणखी एक टाकी, तीत वरचं पाणी उतरतं. तिथे एका नळकांड्यात त्याला फेस आणून घाण काढली जाते, ते ऊन केलं जातं आणि पुन्हा वर चढवलं जातं. वर निळ्याजांभळ्या दिव्यांचा उजेड. त्या उजेडात भाच्याचं सगळं कुटुंब संध्याकाळी सहानंतर निळं दिसतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

आपल्याकडे हे दृश्य दिसत नाही, आणि दिसलं तर पोलिसांना कळवावं असं आहे. २००१ पासून भारतात रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यांचं पान थेट वाघाच्या पंक्तीला मांडलेलं आहे. हौस म्हणून घरात ठेवलीत तर तीन ते सात वर्षं सरकारी पाहुणचार. अमेरिकेत मात्र परवान्यानं आयात केलेलं, किंवा कोणाच्या तरी टाकीत वाढवून तोडलेलं बोटभर कोरल दुकानात राजरोस मिळतं. त्या बोटभर तुकड्याला लोक शंभर-शंभर डॉलर मोजतात. भाच्यानं एकाचे किती मोजले ते त्यानं बायकोला सांगितलेलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

कोरल दिसतं झाडासारखं, हाताला लागतं दगडासारखं, आणि असतं प्राणी. त्याच्या पेशींमध्ये एक सूक्ष्म शैवाल भाड्यानं राहतं. शैवाल उजेडात साखर तयार करतं आणि तीतली बरीचशी घरमालकाला देतं, हेच भाडं. पाणी तापलं किंवा बिघडलं की घरमालकाचं डोकं फिरतं आणि तो भाडेकरूला बाहेर काढतो. पण घराचा रंग भाडेकरूचा असतो. तो गेला की घर पांढरं फटक पडतं, आणि भाडेकरू लवकर परतला नाही तर भाडं थांबल्यामुळे मालकही उपासमारीनं जातो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली शेकडो मैलांवर हेच घडलं. पुण्यातल्या घरमालकांनी तो इतिहास जरूर वाचावा.

मी एडिसनला असताना टाकीतल्या अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी पडली. अ‍ॅक्रोपोरा हे फांद्याफांद्यांचं, जांभळट, अतिशय मानी कोरल. त्याला सगळं चालतं, फक्त काही बदललेलं चालत नाही. भाच्यानं रीतसर चौकशी सुरू केली आणि पहिला संशय स्वतःच्या जन्मदात्रीवर घेतला.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे आलेली. तिचं म्हणणं साधं होतं. दिवसातून एकदा, आणि तीही चिमूटभर, बर्फातली कोळंबी हे काय जेवण झालं? तिच्या घरात आजवर कोणी उपाशी झोपलेलं नाही. तिनं माशांना वरणभाताचा घास घातला, असा आरोप होता. ताईनं तो साफ नाकारला. भात घातला होता, वरण नव्हतं.

"आई, त्यानं फॉस्फेट वाढतं!"

"वाढू दे की. मासे वाळलेत."

तिचं माशांकडे लक्ष होतं आणि त्याचं कोरलकडे, हाच त्या घरातला मूळ वाद. टाकीत जे अन्न पडतं त्याचं शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट होतं. फॉस्फेट फार झालं की कोरलला सांगाडा बांधणं जड जातं आणि काचेवर, दगडांवर शेवाळ माजतं. फॉस्फेटचं माप इथे लिटरला ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असं चालतं. भाताच्या शितांच्या भाषेत ते ताईला समजावणं शक्य नव्हतं. पण तपासल्यावर फॉस्फेट मापात निघालं. ताई निर्दोष सुटली. तिनं त्या आनंदात माशांना आणखी एक शीत घातलं असावं, असा माझा कयास आहे.

मग मिठाची पाळी. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि टाकीतही तेवढेच लागतात. टाकीतलं पाणी रोज उडतं, मीठ मात्र जागेवर राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची असते. ही गोष्ट कोकणातल्या कोणत्याही मिठागरवाल्याला सांगावी लागणार नाही, पण नवे शौकीन खाऱ्यावर खारं ओतत राहतात आणि महिन्याभरात टाकीचा मृत समुद्र करतात. मोजायची साधनंही भरवशाची नसतात. प्लास्टिकच्या डबीत काटा हलणारं स्वस्तातलं एक यंत्र मिळतं. त्या काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला की तो वर जातो आणि पाणी आहे त्याहून खारट दाखवतो. माणूस घाबरून गोडं पाणी ओततो. डोळ्याला लावून बघायचा रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण तोही ३५च्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्यावा लागतो; नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५वर खरं बोलेलच असं नाही. भाच्याचं मीठ बरोबर होतं. हीटर अडकून पाणी उकळलं होतं का? नव्हतं. तेही सोडून दिलं.

आता उरली ती क्षारता, आणि इथून पुढे त्या घरातली शांतता गेली.

क्षारता म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. कोरल त्यातून आणि कॅल्शियममधून आपला चुनखडीचा सांगाडा बांधतं. मोजतात ती डी.के.एच. नावाच्या जर्मन अंशांत. समुद्रात साधारण ७ असते, टाकीवाले ७ ते ११ च्या दरम्यान कुठेतरी ठेवतात. मोजायची पद्धत अशी: काचेच्या कुपीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात रंगाचे थेंब टाकायचे, मग सिरिंजमधून आम्ल एकेक थेंब सोडत कुपी हलवत राहायचं. ज्या थेंबाला पाण्याचा रंग बदलेल, तिथे थांबायचं. पुस्तिकेत लिहिलेलं असतं की निळसर हिरव्याचा गुलाबी-नारिंगी होतो. झाला की नाही, हे मात्र बघणाऱ्याच्या नशिबावर.

"मामा, हा बदलला का रे?"

मला तो आधीही तसाच दिसत होता. शिवाय आम्ही टाकीच्या निळ्या उजेडात उभे होतो, त्यात आमसूलसुद्धा निळं दिसतं. भाच्याचं म्हणणं बदलला. सूनबाईंचं म्हणणं अजून दोन थेंब. शेवटी कुपी स्वयंपाकघरात खिडकीशी नेली. तिथे ताई भाजी निवडत होती. तिनं चष्म्यावरून एकदा बघितलं आणि म्हणाली, "हा अजून मोतिया आहे. तुला अबोली हवाय ना? टाक अजून."

त्या दिवसापासून थेंबांच्या या मोजणीची, म्हणजे टायट्रेशनची, सूत्रं ताईकडे गेली. पन्नास वर्षं लक्ष्मी रोडवर साड्या घेताना कमावलेली नजर अमेरिकेत अशी कामी आली. मोरपंखी कुठे संपतो, चिंतामणी कुठे सुरू होतो, अबोली आणि गाजरी यांत नेमकं किती थेंबांचं अंतर, हे तिला न मोजता कळतं. पुरुषांत लाल-हिरव्याचा घोळ बायकांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो, हे वैद्यकशास्त्रही सांगतं. तरी दुनियेतल्या बहुतेक टाक्यांचं पाणी पुरुष तपासत बसलेले असतात. भाच्याचं समाधान झालं नाही. त्यानं रंग स्वतः वाचून आकडा सांगणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र आणलं. यंत्रानं ७.६ सांगितलं. ताईच्या अबोलीप्रमाणे ९.१ होती. यंत्र पुन्हा लावलं, तर ८.३. कुपीवर बोटांचे ठसे असले तरी त्याचा आकडा हलतो, हे नंतर कळलं. आणि बोटांना त्या दिवशी शंकरपाळ्यांचं तूप होतं.

आता शहाण्या माणसानं काय करावं? तीन आकडे आले असतील तर पाण्याला हात न लावता आधी आकड्यांचा निकाल लावावा. माहीत असलेल्या क्षारतेचं द्रावण विकत मिळतं. त्यावर प्रत्येक साधन लावून बघावं आणि खोटारडं कोण ते ठरवावं. भाच्यानं ७.६ हाच आकडा मनाला लावून घेतला आणि टाकीत सोडा ओतला.

रीफवाल्यांचं रसायनशास्त्र बघून मला फार घरचं वाटलं, कारण ते सगळं स्वयंपाकघरातच आहे. क्षारता वाढवायला खायचा सोडा. तोच ओव्हनमध्ये भाजून घेतला की धुण्याचा सोडा होतो, त्यानं पी.एच.सुद्धा वर जातो. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट, जे आपल्याकडे सुजलेले पाय शेकायला वापरतात. या पाककृती रँडी होम्स-फार्ली नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञांनी लोकांना फुकट वाटल्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या अंगातलं फॉस्फेट बांधून ठेवणारं सेव्हेलामर हे औषध शोधणाऱ्यांपैकी ते एक. म्हणजे ज्यानं माणसाच्या शरीरातलं पाणी नीट केलं, त्याच्याच शब्दावर ही मंडळी टाकीतलं नीट करतात. यात गैर काहीच नाही. मात्र सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकाच वेळी, एकाच जागी ओतायचं नाही, हा त्यांचा दंडक आहे. दोघांची गाठ पडली की पाण्यात खडूचा पाऊस पडतो आणि दोन्ही वाया जातात.

"आई, ढोकळ्याचा सोडा कुठे गेला?" सूनबाईंनी विचारलं.

ताईनं नुसती मान टाकीकडे वळवली.

सगळ्यात मोठा चमत्कार चुन्याचा. पान खाताना बोटावर घेतात तो, शाळेत चुन्याची निवळी करून फुंकर मारतात तो. पेटर विल्केन्स नावाच्या जर्मन रीफवाल्यानं सत्तरच्या दशकात ही निवळी टाकीत घालायचा पायंडा पाडला, तेव्हापासून जगभर ती चालू आहे. उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याऐवजी निवळीनं घातली की कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही एकदम मिळतात. अमेरिकेत लोणच्याच्या भाज्या कुरकुरीत राहाव्यात म्हणून डब्यातून चुना विकतात. तोच ही मंडळी आणतात. एडिसनच्या ओक ट्री रोडवर पानाची दुकानं आहेत, पण भाचा तिथून चुना घेत नाही. ताईनं सुचवलं होतं, काताबद्दलही विचारलं होतं.

निवळीचा पी.एच. बाराच्या वर असतो, म्हणून ती थेंबाथेंबानं घालायची. भाच्याच्या एका मित्राकडे पाण्याची पातळी बघणारा तरंगता खटका होता. त्या खटक्यावर एक गोगलगाय चढून बसली. खटका खाली दबला, यंत्राला वाटलं पाणी कमी आहे, आणि त्यानं रात्रभरात निवळीचा पिंप टाकीत रिकामा केला. सकाळी पाणी दुधासारखं पांढरं. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण आपल्या पूर्वजांना कोरलची टाकी न पाळताच सुचली, याचं मला कौतुक वाटतं.

या सगळ्या पसाऱ्यात मला राहून राहून जाकार्ताचे ली चिन एंग आठवायचे. या गृहस्थांनी १९६१ साली अमेरिकेतल्या एका मासिकात लिहून सांगितलं की समुद्रातले जिवंत दगड, समुद्राचं पाणी, ऊन आणि हवेचे चार बुडबुडे एवढ्यावर कोरल घरात जगतं. बराच काळ कोणी मनावर घेतलं नाही. मी भाच्याला हे ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, त्यांना समुद्र शेजारी होता." बरोबर आहे. एडिसनला शेजारी टर्नपाइक आहे.

पी.एच.चं प्रकरण मात्र मी कधी विसरणार नाही. जानेवारीत घरी सत्यनारायण होता. बाहेर उणे आठ अंश, खिडक्या रबराच्या पट्ट्या लावून बंद, आत पस्तीस-चाळीस माणसं. टाकीतला पी.एच. भाच्याच्या फोनवर सतत आलेखात उमटत असतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण सव्वाचारशे पीपीएम. माणसांनी भरलेल्या बंद खोलीत तो हजाराच्याही पार जातो. तो पाण्यात विरघळतो, त्याचं आम्ल होतं आणि पी.एच. उतरतो. पाहुणे कधी आले, हे आलेखावर स्पष्ट दिसत होतं. कथेच्या दुसऱ्या अध्यायाला पी.एच. ८.२ वरून ८ वर आला होता. साधुवाण्याची नौका बुडाली तेव्हा ७.९. आरतीला सगळ्यांनी मोठ्यानं सूर लावला आणि ७.८ ला टेकला.

भाचा पाटावरून उठला आणि दिवाणखान्याची खिडकी सताड उघडली. न्यू जर्सीचा वारा सरळ कलशावर. गुरुजींनी उपरण्यावर जाकीट चढवलं आणि मंत्रांचा वेग दुप्पट केला. मराठी मंडळातल्या एका गृहस्थांनी प्रसादाचा द्रोण हातमोजे घालून घेतला. पी.एच. मात्र वर चढला, आणि खरं सांगायचं तर पी.एच.वर ताजी हवा हाच प्रामाणिक इलाज आहे. बरेच लोक बाटलीतलं औषध ओततात; त्यानं तासभर आकडा वर जातो, खोलीतला वायू तिथेच असल्यामुळे पुन्हा उतरतो, आणि प्रत्येक बाटलीगणिक क्षारता मात्र फुकटची वाढत जाते. दिवसारात्रीत पी.एच. ७.८ ते ८.४ च्या मध्ये हेलकावत असेल तर कोरल तक्रार करत नाही. तक्रार करणारा निराळाच असतो.

पूजा झाल्यावर आठवड्याभरात टाकीतल्या गोगलगायी उलथ्या पडू लागल्या. मग माशांच्या अंगावरची घाण खाणारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी गेली. कोरलनी तोंडं मिटून घेतली. मासे मात्र मजेत. जाणत्याला एवढ्यावरून कळायला हवं: मासे ठीक आणि बिनकण्याचे जीव आजारी, तर पाण्यात धातू शोधा, आणि सगळ्यात आधी तांबं. तांबं माशांना बऱ्यापैकी सोसतं, इतकं की माशांच्या रोगांवर ते औषध म्हणून देतात. कोळंबी-कोरलना मात्र ते विष आहे. पण भाचा क्षारतेच्या मागे होता. आज सोडा, उद्या पाणी बदल, परवा पुन्हा सोडा. आकडा ७.६ वरून ९.४ वर, तिथून ८ वर, परत ९ वर. दिवसाला एका अंशाहून अधिक हलवू नये, हे त्यानंच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

शेवटी सूनबाईंनी पाण्याचा नमुना भरून जर्मनीला धाडला. तिथल्या प्रयोगशाळा पाणी हजारो अंश तापलेल्या आर्गॉनच्या झोतात उडवतात आणि निघणाऱ्या प्रकाशावरून तीसएक मूलद्रव्यांचा हिशोब देतात. पन्नासेक डॉलरात, दहा-पंधरा दिवसांत अहवाल येतो. माझ्या लिपिड प्रोफाइलपेक्षा तो बारकाईनं छापलेला होता, आणि घरात वाचलाही गेला बारकाईनं. त्यात तांबं आणि जस्त लाल अक्षरांत. तोवर पाण्यात सोडलेली, धातू शोषणारी खास गादी निळी पडली होती; निळी पडली म्हणजे तांबं, असा तिचा संकेत.

मग नळांची चौकशी झाली. पाणी गाळायच्या यंत्राची झाली. कुठेतरी पितळेचा तुकडा राहिलाय का, लोहचुंबकाचं कवच फुटून गंज धरलाय का, सगळं बघून झालं. अखेर भाच्यानं कोपरापर्यंत हात घालून दगड हलवले, आणि मागच्या कोपऱ्यातल्या वाळूतून कुरतडलेल्या पेनी वर आल्या. चांगल्या तीन-चार.

"पूजेच्या दिवशी त्या फिलाडेल्फियाच्या काकू टाकीसमोर हात जोडून उभ्या होत्या खऱ्या," ताई म्हणाली. "समुद्राचं पाणी आहे म्हटल्यावर टाकला असेल पैसा. त्यात काय एवढं? नदीवरून गाडी जाताना आपण टाकत नाही का? मीही टाकणार होते. माझ्याकडे सुटे नव्हते."

१९८२ नंतरची पेनी तांब्याची राहिलेली नाही. आत ९७.५ टक्के जस्त आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. खाऱ्या पाण्यात मुलाम्याला एक चीर पडली की आतलं जस्त झरझर विरघळतं, आणि मुलाम्यातलं थोडं तांबंही पाण्यात उतरतं. काकूंनी भाविकपणे एकाच नाण्यात दोन विषं अर्पण केली होती. त्यांना कोणी काही बोललं नाही. पुढच्या गणपतीला भेट ठरलेलीच होती.

नाणी काढली, कोळसा भरला, पाण्याचे मोठमोठे बदल केले. नव्या गोगलगायी आल्या आणि टिकल्या. अ‍ॅक्रोपोराची टोकं मात्र पांढरीच. कारण ती पूजेच्या आधीपासून पांढरी होती, हे सगळे विसरले होते. एका टाकीला एका वेळी दोन आजार होऊ शकतात, आणि एक सापडला की माणूस दुसऱ्याचा शोध सोडून देतो.

मग भाच्याला कंपनीनं डॅलसला धाडलं. तीन आठवडे. जाताना त्यानं सूनबाईंना सूचनांचे चार कागद दिले. सूनबाईंनी ते नीट घडी घालून खणात ठेवले, टायलेनॉलच्या शेजारी. दर रविवारी दहा टक्के पाणी बदललं, टाकीत रसायनांचा डोस आपोआप सोडणारं यंत्र होतं तिथेच राहू दिलं, आणि बाकी कशाला हात लावला नाही. त्यातच त्यांनी टेस्ट किटची बाटली उलटून बघितली, तर मुदत गेल्या वर्षीच संपलेली. त्यांनी नवं किट आणलं, प्रमाणित द्रावणावर पडताळलं, आणि ताईनं अबोली सांगितली: ८.५. आठवड्यानं पुन्हा ८.५. तिसऱ्या आठवड्याला टोकांवर जांभळी कड दिसायला लागली. भाचा परत आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा टाकीकडे बघितलं, मग आईकडे, मग बायकोकडे. "डॅलसहून मी ऑनलाइन डोस थोडा वाढवला होता, त्याचा गुण आला," म्हणाला. सूनबाईंनी त्या यंत्राचं वायफाय पहिल्याच दिवशी बंद केलं होतं.

मुंबईच्या प्रवाळांचं भाच्याला फार वाईट वाटतं, की हेवा वाटतो, ते कळत नाही. कोस्टल रोडच्या कामात येणाऱ्या वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी उचलून दुसरीकडे नेल्या. पाणी कसलं? मुंबईचं! सांडपाणी, गाळ, निर्माल्य, प्लास्टिक. आणि तरी ती तिथे जगत होती. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणाऱ्या आंग्रिया बँकेवर तर प्रवाळांचं राज्यच आहे. मी हे सांगितल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. "मुंबईतल्या जाती चिवट असतील," एवढंच म्हणाला. आहेतच. शिवाय अरबी समुद्रात कोणी चार पेनी टाकल्या तर समुद्राला पत्ता लागत नाही, आणि त्याची क्षारता तपासून रात्री अकरा वाजता दुरुस्त करायला कोणी जागं नसतं. पावणेपाचशे लिटरला ही चैन परवडत नाही. म्हणून माझं मत असं झालं आहे की या छंदात निम्मे बळी पाण्याचे जातात आणि निम्मे पाणी सुधारणाऱ्याचे. नक्की निम्मेच, असा आग्रह नाही.

वाचकांपैकी बऱ्याच जणांचे भाचे-पुतणे, लेकी-जावई परदेशात आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या दिवाणखान्यात अशी टाकी असणार. त्यांच्याकडे जाल तेव्हा चिवडा न्या, लाडू न्या, लोणचं विमानतळावर सुटलं तर तेही न्या. पण टाकीसमोर उदबत्ती लावू नका. खोबरेल तेल लावलेला हात पाण्यात घालू नका, फेसाचं नळकांडं दिवसभर रुसून बसतं. घालायचाच झाला तर कोपरापर्यंत धुऊन घाला, नुसत्या पाण्यानं. साबण त्याहून वाईट. आणि सुटे पैसे पाकिटात ठेवा.